स्टेबल की सिड?

लग्नाळू मुलाची चौकशी करताना आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो. ‘स्टेबल आहे ना?’ म्हणजे नोकरी पक्की, पगार वेळेवर, डोकं ठिकाणावर. या शब्दाला इतका भाव आहे की मुलगा कंटाळवाणा आहे का, हे विचारायचं कुणाला सुचतच नाही. लिनक्सच्या दुनियेतही ‘स्टेबल’ला असाच भाव आहे. फक्त तिथे त्याचा अर्थ वेगळा आहे आणि तो न कळल्यामुळे माझ्या ओळखीतल्या बऱ्याच जणांचा पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडतो.

ही ओळखीची मंडळी अलीकडे वाढली आहेत, त्याला कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ला टीपीएम २.०ची सोय आणि त्यातल्या त्यात नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे धडधाकट चालणारे कितीतरी लॅपटॉप एका रात्रीत ‘जुने’ झाले. ईएमआय नुकताच फिटलेला लॅपटॉप टाकून द्यायला जीव होत नाही. मग कुणीतरी म्हणतं, ‘लिनक्स टाक.’ टाकायला तासभरही लागत नाही. पण मग दुसरा प्रश्न येतो: स्टेबल टाकू, टेस्टिंग टाकू की अनस्टेबल?

हा प्रश्न सगळ्यात स्वच्छपणे समोर येतो तो डेबियनमध्ये. इयन मर्डॉक या विद्यार्थ्याने १९९३ साली सुरू केलेलं हे लिनक्स जगभरचे स्वयंसेवक चालवतात. उबुंटू डेबियनवर उभं आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’ लिनक्सही त्यावरच. २०१३ साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकातल्या लॅपटॉपवर विंडोजच्या जागी हेच डेबियन घालायचं ठरलं होतं. तेव्हा डेबियनचं कळलं की बाकीच्यांचं बरंचसं आपोआप कळतं.

शेजारचा द्वाड मुलगा

आधी नावांची गंमत. डेबियनच्या प्रत्येक आवृत्तीला ‘टॉय स्टोरी’ या सिनेमातल्या पात्राचं नाव असतं. १९९६च्या सुमाराला डेबियनचं नेतृत्व करणारे ब्रूस पेरेन्स तेव्हा पिक्सारमध्ये नोकरीला होते, त्यांच्यापासून ही प्रथा पडली. बझ, रेक्स, वुडी, बस्टर, बुकवर्म... आणि ऑगस्ट २०२५मध्ये आलेली तेरावी आवृत्ती ट्रिक्सी. अनस्टेबलचं नाव मात्र कधीच बदलत नाही. ते कायम ‘सिड’. सिनेमा पाहिला असेल तर आठवेल, शेजारचा तो मुलगा, जो खेळणी मोडतो, एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडाला लावतो. नाव ठेवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवलंय!

आता हे तीन कप्पे चालतात कसे? मला ते नाटकासारखे वाटतात. सिड म्हणजे तालमीचा हॉल. प्रोग्रॅमची नवी आवृत्ती तयार झाली की ती आधी इथे येते. कुणी वाक्य विसरतं, कुणी चुकीच्या दाराने एंट्री घेतं. तिथे काही दिवस निभावलं की ती रंगीत तालमीला जाते, म्हणजे टेस्टिंगमध्ये. ही बढती माणूस हाताने देत नाही, त्यासाठी ‘ब्रिटनी’ नावाचा एक प्रोग्रॅम आहे. (हो, ब्रिटनी.) बदल किती तातडीचा आहे त्यावरून साधारण दोन ते दहा दिवस थांबायचं, त्यात नवी गंभीर चूक सापडलेली नसावी आणि या प्रोग्रॅमला ज्यांची गरज आहे ते सोबतीही तयार असावेत. एवढं जमलं की ब्रिटनी दार उघडते. मग साधारण दोन वर्षांनी संपूर्ण टेस्टिंगवर ‘फ्रीझ’ लावतात. नवं काही आत घ्यायचं नाही, फक्त चुका दुरुस्त करायच्या. त्या आटोक्यात आल्या की शिवाजी मंदिरला पहिला प्रयोग. तो झाला स्टेबल.

आणि प्रयोग सुरू झाला की संहिता बदलत नाही. स्टेबलचा खरा अर्थ हा आहे. ‘कधीच न बिघडणारं’ असा त्याचा अर्थ नव्हे. ज्या दिवशी ट्रिक्सी आली, त्या दिवशी तिच्यात एखाद्या प्रोग्रॅमची जी आवृत्ती होती, तीच जवळपास शेवटपर्यंत राहणार. सुरक्षेचं भोक सापडलं तर डेबियनची माणसं नव्या आवृत्तीतली तेवढीच दुरुस्ती काढून जुन्यावर ठिगळासारखी बसवतात. बटणं हलत नाहीत, मेनू बदलत नाही, काल चालणारी गोष्ट आज त्याच पद्धतीने चालते. पण एखादी किरकोळ चूक पहिल्या दिवशी आत राहून गेली असेल, तर तीही बहुधा दोन वर्षं तुमच्यासोबत नांदते. स्थैर्य म्हणजे हेसुद्धा!

याचा राग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांनाही येतो. एक्सस्क्रीनसेव्हर हा प्रोग्रॅम लिहिणारे जेमी झविन्स्की यांना डेबियनच्या लोकांकडून अशा चुकांच्या तक्रारी येत, ज्या त्यांनी केव्हाच दुरुस्त केलेल्या होत्या. वैतागून त्यांनी प्रोग्रॅममध्येच सोय केली की आवृत्ती फार जुनी झाली तर पडद्यावर तसा इशारा यावा. २०१६ साली यावरून चांगलीच जुंपली. झविन्स्कींचं म्हणणं, एवढं जुनं ठेवायचं असेल तर माझा प्रोग्रॅम काढूनच टाका. मला दोन्ही बाजू पटतात, पण मतच द्यायचं तर मी डेबियनच्या बाजूने. कारण ‘जुनं’ आणि ‘ओळखीचं’ यातला फरक डेडलाइनच्या आदल्या रात्री कळतो.

अर्धा सेकंद

मग अनस्टेबल वापरतं तरी कोण? डोकं फिरलेले लोक? काही अंशी हो. पण २०२४च्या मार्चमध्ये जे घडलं ते वाचल्यापासून सिडवाल्यांना हसणं मी बंद केलं आहे.

आंद्रेस फ्रॉइंड हे मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे प्रोग्रॅमर. डेटाबेसवर काम करणारा माणूस, सुरक्षेचे तज्ज्ञ वगैरे नव्हेत. ते डेबियन सिडवर काहीतरी मोजमाप करत होते. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की दुसऱ्या कॉम्प्युटरवरून लॉगिन करायला जरा जास्तच वेळ लागतोय. किती? साधारण अर्धा सेकंद. तुम्ही-आम्ही ‘नेट स्लो आहे’ म्हणून चहा प्यायला उठलो असतो. फ्रॉइंड खोदत गेले. खोदता खोदता पोचले ‘एक्सझेड’ या फाइली दाबून लहान करणाऱ्या एका साध्या प्रोग्रॅमपर्यंत. त्याच्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्यांत कुणीतरी चोरदार बसवलं होतं. योग्य ती किल्ली असलेल्या माणसाला लॉगिन न करता थेट आत शिरता येईल असं.

हे कुणी केलं? ‘जिया टॅन’ या नावाने वावरणाऱ्या कुणीतरी. या जिया टॅनने दोन वर्षांहून अधिक काळ एक्सझेडसाठी निमूट, उपयोगी काम केलं होतं. मूळ प्रोग्रॅम एकहाती सांभाळणारे लासे कॉलिन थकले होते, त्यांनी तसं लिहिलंही होतं. त्याच काळात काही अनोळखी नावं त्यांच्यामागे लागली: कामं रखडतायत, दुसऱ्या कुणाला हाताशी घ्या. त्यांनी घेतलं, जिया टॅनला. या नावामागचा खरा चेहरा पुढे आलेला नाही. ऑफिसात नव्याने आलेला, कधी ‘नाही’ न म्हणणारा, सगळ्यांची कामं अंगावर घेणारा सहकारी आठवून पाहा. अंगावर काटा येतो की नाही?

२९ मार्च २०२४ला फ्रॉइंड यांनी हे जाहीर केलं. त्या दिवशी बिघडलेला एक्सझेड डेबियनच्या सिडमध्ये होता आणि टेस्टिंगमध्येही पोचला होता. स्टेबलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या बुकवर्ममध्ये होती ५.४.१. जुनी, म्हणून सुरक्षित. उबुंटूने २४.०४च्या बीटाची तारीख आठवडाभर पुढे ढकलली. डेबियनने सिडमध्ये तातडीने जुना एक्सझेड परत आणला, पण एक अडचण होती. आवृत्तीचा आकडा मागे गेला तर अपडेट होत नाही. म्हणून त्या पॅकेजचं नाव ठेवलं ‘५.६.१+रिअली५.४.५’. म्हणजे, वर लिहिलंय ५.६.१, पण खरं सांगायचं तर ५.४.५. इतकं प्रामाणिक लेबल मी कुठल्याच पाकिटावर पाहिलेलं नाही.

आता यातून काय काढायचं? स्टेबलवाले म्हणतील, बघा, आम्ही वाचलो. खरंय. पण वाचलात ते कुणामुळे? तो अर्धा सेकंद जाणवायला सिडवर कुणीतरी बसलेलं असावं लागतं. सगळेच स्टेबलवर जाऊन बसले असते तर ते चोरदार रंगीत तालमीतून सुखरूप पार होऊन थेट प्रयोगात आलं असतं.

आणि तसं घडलेलंही आहे. सप्टेंबर २००६मध्ये डेबियनच्या एका पॅकेज सांभाळणाऱ्याने ओपनएसएसएलमधल्या काही ओळी बंद केल्या. हेतू वाईट नव्हता, तपासणीच्या एका साधनाने त्या ओळींबद्दल कुरकुर केली होती, एवढंच. परिणाम असा की गुप्त किल्ल्या बनवताना लागणारा ‘रँडम’ आकडा फारसा रँडम राहिलाच नाही. एका प्रकारच्या आणि लांबीच्या किल्लीसाठी जेमतेम ३२,७६८ शक्यता उरल्या. कॉम्प्युटरला त्या सगळ्या करून पाहणं म्हणजे पोरखेळ. ही चूक सिडमधून टेस्टिंगमध्ये गेली, एप्रिल २००७मध्ये स्टेबल झालेल्या ‘एच’मध्येही गेली आणि उघडकीला आली मे २००८मध्ये. तिन्ही दारांवर पहारा होता, पण आत काय चाललंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एचच्या आधीची ‘सार्ज’ तेवढी वाचली, कारण तिच्यात तो बदल आलाच नव्हता. म्हणून ‘स्टेबल म्हणजे सेफ’ असं कुणी ठासून सांगितलं की मी फक्त मान डोलावते.

मधला मार्ग, पण कुणासाठी?

आपल्या लोकांना मधला मार्ग फार आवडतो. स्टेबल जुनं, सिड धोक्याचं, मग टेस्टिंग उत्तम! माझ्या दोन मैत्रिणींनी हेच केलं. कागदावर हे बरोबर दिसतं, व्यवहारात त्यात एक मेख आहे. स्टेबलसाठी सुरक्षेची वेगळी टीम आहे, दुरुस्ती लगेच मिळते. सिडमध्ये दुरुस्त केलेली नवी आवृत्ती थेट येऊन पडते. टेस्टिंगला मात्र ब्रिटनीच्या दारात थांबावं लागतं. एखादा सोबती अडला की त्याच्यासोबत दुरुस्तीही अडते, कधी दिवस, कधी आठवडे. म्हणजे सुरक्षेच्या बाबतीत मधलं मूलच सगळ्यात दुर्लक्षित. घरोघरी मातीच्या चुली!

टेस्टिंगचा उत्तम मोसम एकच, फ्रीझ लागल्यापासून रिलीज होईपर्यंतचे काही महिने. तेव्हा ती ताजीही असते आणि शांतही. त्या वेळी टाकायची असेल तर एक करा. पॅकेज कुठून आणायची ते जिथे लिहिलेलं असतं, त्या सोर्सेस यादीत ‘टेस्टिंग’ हा शब्द न लिहिता आवृत्तीचं नाव लिहा. नाव लिहिलंत तर रिलीजच्या दिवशी तुम्ही आपोआप स्टेबल होता. ‘टेस्टिंग’ लिहिलंत तर फ्रीझ उठल्यावर जो नव्या पॅकेजेसचा लोंढा येतो, तो सरळ तुमच्या लॅपटॉपवर. हेच उलट बाजूनेही लागू. यादीत ‘स्टेबल’ लिहिलं असेल तर नवी आवृत्ती आली त्या दिवशी तुम्ही बेसावध असताना लॅपटॉप तिच्याकडे उडी मारायला निघतो.

माझ्याकडे दोन लॅपटॉप आहेत. मुलाखतींची रेकॉर्डिंग, अर्धवट लेख आणि (अजून न मिळालेल्या पैशांची) बिलं ज्यावर आहेत, त्यावर स्टेबल. फ्रीलान्स माणसाला आयटी डिपार्टमेंट नसतं. लॅपटॉप सोमवारी बसला तर मंगळवारचा लेख जात नाही आणि तो न गेल्याचे पैसे कुणी देत नाही. दुसऱ्या, भावाने टाकून दिलेल्या लॅपटॉपवर सिड. त्यावर अपडेट झाल्यावर मी सगळ्यात आधी मराठी कीबोर्ड तपासते. ‘ज्ञ’ उमटला की पुढचं बघू.

सिडवर दिवस बहुतेक साधेच जातात. रोज स्फोट होतो ही अफवा आहे. पण २०२४च्या वसंतात तिथे मोठी उलथापालथ झाली. १९ जानेवारी २०३८ला जुन्या पद्धतीने वेळ मोजणाऱ्या ३२ बिटांच्या यंत्रांचं घड्याळ भरून जाणार आहे. त्याची तयारी म्हणून डेबियनने शेकडो पॅकेजेस नव्याने बांधायला घेतली. काही आठवडे सिडमध्ये अर्धी जुनी, अर्धी नवी अशी खिचडी होती. अपडेट मागितलं की अ‍ॅप्ट नम्रपणे विचारायचा: ‘पुढील पॅकेजेस काढून टाकली जातील, चालेल?’ आणि खाली हीऽ लांब यादी. हिंजवडीत सर्व्हर सांभाळणारा माझा एक मित्र म्हणतो, ‘सिड वापरायला हुशारी लागत नाही गं. ‘वाय’ दाबायच्या आधी यादी वाचायची सवय लागते.’ मी वाचली, ‘एन’ दाबलं आणि दोन आठवडे त्या लॅपटॉपकडे फिरकलेच नाही. मला हे परवडलं, कारण त्यावर माझं पोट नव्हतं.

त्याच मित्राचा आणखी एक सल्ला. ‘अ‍ॅप्ट-लिस्टबग्ज’ नावाचं छोटं साधन टाकून ठेवायचं. एखाद्या पॅकेजबद्दल गंभीर तक्रार नोंदलेली असेल तर अपडेटच्या आधीच ते दंडाला धरून थांबवतं.

नवं हवंच असेल तर?

स्टेबल घेऊन महिना झाला की एक खाज सुटते. फोटो एडिटरची नवी आवृत्ती आली, त्यात ते नवं फीचर आहे, आणि माझ्याकडे मात्र गेल्या वर्षीचीच! मग कुणीतरी सुचवतं, यादीत सिडचाही पत्ता टाक आणि तेवढा एकच प्रोग्रॅम तिथून घे. नका करू. तो एक प्रोग्रॅम येताना नव्या लायब्ररी घेऊन येतो, त्या आणखी कुणाला तरी ओढतात आणि आठवड्याभरात तुमचा लॅपटॉप धड ना स्टेबल, धड ना सिड. डेबियनवाले याला ‘फ्रँकनडेबियन’ म्हणतात, फ्रँकनस्टाइनवरून. पुन्हा तो सिनेमातला सिडच आठवतो.

त्यापेक्षा दोन सरळ वाटा आहेत. एक, बॅकपोर्ट्स. टेस्टिंगमधली निवडक पॅकेजेस स्टेबलसाठी मुद्दाम पुन्हा बांधून ठेवलेली असतात. नव्या लॅपटॉपचं वायफाय स्टेबलच्या जुन्या कर्नलला ओळखू येत नसेल, तर इथला नवा कर्नल बहुधा कामी येतो. दुसरी, फ्लॅटपॅक. यात प्रोग्रॅम स्वतःचा डबा घेऊन येतो, घरच्या स्वयंपाकघरात हात घालत नाही. खाली पाया स्टेबल, वर दोन-चार ताजी अ‍ॅप्स, असं माझं चालू आहे. ब्राउझरची काळजी तर करूच नका. स्टेबलमधल्या फायरफॉक्सच्या दीर्घ मुदतीच्या आवृत्तीला सुरक्षेसाठी नवी रूपं मिळत राहतात, तिथे ‘जुनंच ठेवायचं’ हा हट्ट डेबियननेही सोडलाय.

डेबियन नको असेल तरी निवड हीच, फक्त नावं वेगळी. उबुंटूची एलटीएस आवृत्ती दोन वर्षांनी येते आणि पाच वर्षं सांभाळली जाते, मधल्या सहामाही आवृत्त्यांचं आयुष्य नऊ महिन्यांचं. आर्चमध्ये आवृत्ती ही भानगडच नाही, रोज थोडं थोडं नवं. ओपनसुसेचं टंबलवीडही तसंच वाहतं. आणि स्टेबल निवडताना वचन कोण देतंय, हेही पाहावं. सेंटओएस ८ला २०२९पर्यंत सपोर्ट मिळेल या भरवशावर कितीतरी कंपन्यांनी सर्व्हर उभे केले होते. डिसेंबर २०२०मध्ये रेड हॅटने सांगितलं की ती २०२१च्या अखेरीलाच बंद. सॉफ्टवेअर बदललं नाही, वचन बदललं.

अ‍ॅनिमेशन शिकणाऱ्या माझ्या मावसभावाने गेल्या महिन्यात विचारलं, ‘ताई, मी सिड टाकू का?’ मी विचारलं, सबमिशन कधी आहे. म्हणाला, पुढच्या गुरुवारी. मग शुक्रवारी टाक, म्हटलं. आता टाकलंय त्याने, आणि एक चूक सापडली म्हणून ती रीतसर कळवलीही. उत्तर आलं तेव्हा नोकरीचं ऑफर लेटर आल्यासारखा नाचत होता.

जाता जाता तारखा. बुकवर्मला डेबियनच्या मुख्य टीमचा सपोर्ट जून २०२६पर्यंत, त्यानंतर एलटीएसवाल्यांकडून जून २०२८पर्यंत. ट्रिक्सीसाठी याच तारखा ऑगस्ट २०२८ आणि जून २०३०. पुढच्या आवृत्तीचं नाव ठरलंय, फॉर्की. कचऱ्यातल्या काट्याला डोळे चिकटवून बनवलेलं ते खेळणं. एका स्टेबलवरून दुसऱ्या स्टेबलवर जाताना आधी बॅकअप घ्या, रिलीज नोट्स वाचा, चार्जर लावून ठेवा. आणि शक्यतो शनिवारची सकाळ निवडा. शुक्रवारची संध्याकाळ नको.